टोपी, वारा आणि विंकोचा कॉर्नर

प्रोफेसर येर्को कालितेर्ना समुद्रकाठच्या स्प्लिट गावातल्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायचे, पण गाव त्यांना ओळखायचं ते शनिवारच्या पेपरातल्या लेखामुळे. फुटबॉल असो, गाणी असोत की विद्यापीठातल्या बैठका, सगळं ते विज्ञानाच्या चष्म्यातून बघायचे. युरोव्हिजनच्या गाणेस्पर्धेत प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं अर्धी पट्टी वर का चढतं? सांगण्यासारखं काही उरलं नाही की माणूस आवाज चढवतो, आमच्या विभागाच्या बैठकीतही हेच होतं, असं त्यांनी एकदा लिहिलं. विभागप्रमुख आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. तो आठवडा प्रोफेसरांनी फार सुखात घालवला.

वर्गात मात्र माणूस खडूस. आकृतीत बाण काढला आणि त्याचं टोक चुकवलं, की पोरगं नापास. "जोर किती ते कुणीही सांगेल, कुठल्या दिशेनं ते सांगा," हे त्यांचं ब्रीदवाक्य.

रविवारी सकाळी बाच्वित्सेच्या किनाऱ्यावर ते पित्सिगिन खेळायचे. गुडघाभर पाण्यात पाच जण उभे राहतात, साल काढलेला टेनिसचा चेंडू तळहातानं उडवत राहतात, तो पाण्यात पडू द्यायचा नाही. ना गोल, ना गुण, ना जिंकणं. तीस वर्षं तेच पाच जण होते, उन्हाळ्यात आणि फेब्रुवारीतही. टकलाला गार लागतं म्हणून प्रोफेसर टोपी घालून खेळायचे, आणि त्यावर दर रविवारी नवा विनोद व्हायचा.

त्या पाचांतला विंको श्कारे म्हणजे गावचं दैवत. पन्नास वर्षांपूर्वी गालेब या फुटबॉल क्लबकडून खेळताना त्यानं कॉर्नरवरून मारलेला चेंडू हवेत वळून थेट जाळ्यात गेला होता. त्या गोलावर गाणं झालं, ते अजून लग्नांत गातात. आणि या गोलावर प्रोफेसरांनी लेख लिहिला. त्या दिवशी दक्षिणेचा वारा, म्हणजे युगो, जोरात होता. त्याचा वेग हवामानखात्याच्या जुन्या वहीत मिळाला. त्यांनी गणित मांडलं आणि निकाल दिला, की गोल विंकोचा नव्हे, वाऱ्याचा. पुरावाही घरचाच. 'मी चौदा वर्षांचा, गोलाच्या मागे बसलो होतो, माझी टोपीसुद्धा उडून मैदानात पडली.'

विंको पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी चौघं पाण्यात उभे राहिले आणि चेंडू दर दुसऱ्या फटक्याला बुडाला.

"येर्को, तुझ्या विज्ञानानं आता पाचवा गडी बनव," चौघांतला पेरे न्हावी म्हणाला.

प्रोफेसर हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत. खरं लिहिलं तर माणूस रुसतो, याला आपण काय करणार, असं त्यांनी स्वतःला दहादा समजावलं. मन काही ऐकेना.

मंगळवारी तोंडी परीक्षा होती. तोंका नावाची मुलगी बाणांपायी दोनदा नापास झालेली, तिसऱ्यांदा समोर बसली. प्रोफेसरांनी थोड्या मिजाशीतच तिला आपलं लेखातलं गणित घातलं. तिनं फळ्यावर मैदान काढलं, समुद्राकडचा गोल काढला, वाऱ्याचा बाण काढला आणि थांबली.

"सर, गोल दक्षिणेकडचाच ना?"

"हो."

"युगो दक्षिणेकडून येतो. म्हणजे बाण उत्तरेला. वारा चेंडूला गोलापासून लांब ढकलणार." ती जरा घुटमळली. "तुमची टोपीही मैदानातच पडली होती ना, सर? गोलाकडून आत?"

प्रोफेसरांनी फळ्यावरचा बाण तपासला. वाऱ्याचं नाव तो येतो त्या दिशेवरून, बाण मात्र जातो त्या दिशेला. शेंबडं पोरही जाणतं ते, आणि चाळीस वर्षं शिकवणाऱ्या मास्तरानं बाण उलटा काढला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्यांनी तोंकाला पाचपैकी पाच दिले आणि उरलेली परीक्षा दुपारवर ढकलली.

विंको बंदरावर होडीचा तळ खरवडत होता.

"विंको, मी चुकलो. वारा उलटा होता. तुझा गोल मी म्हणालो त्याच्या दुप्पट अवघड होता."

विंकोनं मागे वळूनही बघितलं नाही. "गोल कसला, अरे? मी गोलापुढं उभ्या आपल्या फ्रानेच्या डोक्यावर चेंडू देत होतो. कसा आत गेला, देव जाणे."

"मग रुसलास कशाला, म्हाताऱ्या?"

विंकोनं खरवडणी खाली ठेवली. "टोपी उडाली, इथवर लिहिलंस. ती परत कुणी दिली, ते लिहिलंस?"

प्रोफेसरांना सगळं आठवलं. सगळं मैदान ओरडत होतं, रेफ्री शिट्टी वाजवत होता, आणि गालेबचा विंको कॉर्नर सोडून धावत आला होता, टोपी झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवून गेला होता. ते वाक्य त्यांनी लिहिलंही होतं. जागा कमी पडली म्हणून खोडलं, आणि युरोव्हिजनचा एक विनोद ठेवला.

शनिवारी लेख आला तो चार ओळींचा. वारा उलटा होता, चूक माझी. त्या दिवशी माझी टोपी विंको श्कारेनं मला परत आणून दिली, आणि तेव्हापासून तो माझा हिरो आहे. संपादकांनी फोन केला, "बाकीचा लेख कुठाय?" प्रोफेसर म्हणाले, "एवढाच आहे." फ्रानेच्या डोक्याबद्दल त्यांनी अवाक्षर लिहिलं नाही. एखाद्या पोरानं उत्तरातून असं काही गाळलं असतं, तर त्यांनी नापास केलं असतं.

रविवारी युगो घोंघावत होता. चौघं पाण्यात उतरून वाट बघत होते. विंको आला, आपल्या जागी उभा राहिला आणि चेंडू उडू लागला. वीस फटके, तीस फटके, चेंडू पाण्याला शिवेना. तेवढ्यात झोत आला आणि प्रोफेसरांची टोपी उडून पार वाळूत जाऊन पडली. चेंडू विंकोकडे येत होता. त्यानं तो पाण्यात पडू दिला आणि सत्तरी ओलांडलेल्या पायांनी धपाधपा पाणी उडवत किनाऱ्याकडे धावला.

परत येऊन त्यानं टोपी झटकली आणि प्रोफेसरांच्या डोक्यावर नीट बसवली.

"हे पण लिही," तो म्हणाला. "आणि जागा कमी पडली, तर दुसरं काही तरी खोड."