बूट काढल्याशिवाय बूट होत न्हाई

दस्तगीरचाचा गेल्याचं मला संतोषनं फोन करून कळवलं. त्याचं नाव ऐकल्यावर मी आधी विचारलं, "तुमच्याकडे माझा नंबर कसा?" तो म्हणाला, "तुमच्याच पत्रकावर छापलाय की ताई. माझ्या नावाच्या खालीच." मग, "चाचा गेलं. सकाळी. च्या पिता पिता." मी "बरं" म्हणाले. कुणी गेल्यावर बरं म्हणतात का... पण तेवढंच तोंडातून आलं. ज्या माणसाला मी छापील कागदावर चोर ठरवलं होतं, त्याच्याच तोंडून ही बातमी यावी, याचा मला आधी राग आला. दुःख नंतर आलं, आणि दीड महिना झाला तरी ते नीट आलेलंच नाही. मध्ये काहीतरी आडवं पडलं आहे, आणि ते बाजूला करता येतंय का हे बघायला लिहायला बसले आहे.

चाचांचं घर भरे गावात, रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मागच्या खोलीत ते आणि चाची. पुण्यातून सुटे भाग आणून त्यांनी जेवणाच्या डब्याएवढा एक कॉम्प्युटर जुळवला होता आणि तो घरच्या टीव्हीला जोडला होता. त्यात गाणी, सिनेमे, गावातल्या लग्नांची शूटिंगं. चाची त्याला डबाच म्हणायच्या. मी भूगावच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. नोकरीसाठी इकडे आलेल्या घरातली, त्यामुळे गावात माझं नाव 'भूगावची ताई', आणि ते कौतुकानं घेतलं जायचं असं नाही. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात जवळच्या रिहे गावातल्या एका फार्महाऊसनं ओढ्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर फाटक लावलं. वाट पूर्वापार वहिवाटीची होती हे सांगणारे बबनतात्या तेवढे उरले होते. चाचांनी स्वतःचा कॅमेरा घेतला, तात्यांना वाटेवरून चालवलं, आणि तात्यांनी दगडन् दगड दाखवत तासभर सगळं सांगितलं. महिन्याभरात तात्यांना झटका आला आणि त्यांची वाचा गेली. राहिलं ते डब्यातलं रेकॉर्डिंग. माझ्या पेनड्राइव्हवर ते मावत नव्हतं, मोठी डिस्क आणू, मग कॉपी काढू, असं आम्ही म्हणत राहिलो. वाटेसाठी भांडणाऱ्या आमच्या समितीचं असंच असतं. निषेध त्याच दिवशी, कामं पुढच्या आठवड्यात.

रिह्यातल्या लोकांना ते दाखवायचं ठरलं. नेमके त्या दिवशी चाचा पुण्याला गेलेले. पंधरा-वीस माणसं चाचांच्या घरी दाटीनं बसली, मी ताजे फोटो दाखवायला म्हणून गळ्यातला पेनड्राइव्ह डब्याच्या मागे खोचला, बटण दाबलं. पडदा काळा. वर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, की सुरू होण्याची डिस्क सापडत नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. कुणीतरी म्हणालं, "ताईचा पुरावा झोपला वाटतं." लोक हसत उठून गेले. चाची म्हणाल्या, की सकाळी संतोष तारांना डाग द्यायची सोल्डरिंग गन न्यायला आला होता. संतोष त्याच फार्महाऊसचा वायरमन. मला आणखी काय पाहिजे होतं? दुसऱ्या दिवशी 'पुराव्यावर घाला' या मथळ्याचं पत्रक पिरंगुटच्या चौकात वाटून झालं होतं. संतोषचं नाव ठळक अक्षरांत.

चाचा परत आल्यावर मी तावातावानं गेले, पेनड्राइव्ह खोचला, बटण दाबून त्यांना तो काळा पडदा दाखवला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मागे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. डोंगर चढायचे माझे उंच बूट, घोट्यापर्यंत नाड्या.

"बूट काढ आदी. भाईर जाऊन."

"चाचा, इथं काय चाललंय आणि तुम्ही..."

"बूट काढल्याशिवाय बूट होत न्हाई, पोरी."

कॉम्प्युटर सुरू होण्याला चाचा 'बूट होणं' म्हणायचे. ओट्यावर बसून मी नाड्या सोडल्या. आत आले तर टीव्हीवर तात्या वाट दाखवत होते. पेनड्राइव्ह होता तिथंच होता. मी म्हणाले, म्हणजे फार्महाऊसवाल्यांनी बिघडवलं आणि गुपचूप नीटही केलं. चाचा चहा ओतत म्हणाले, "त्या संतोषला येकदा च्या पाज." मी म्हणाले, मेले तरी नाही.

नंतर हे दर खेपेला होत गेलं. मी फोटो घेऊन जायचे, डबा अडायचा, चाचा पायांकडे बोट दाखवायचे, मी बाहेर जाऊन यायचे आणि डबा सुरू. ज्या दिवशी मी नुसतीच गप्पा मारायला जायचे त्या दिवशी बूट घालूनही तो सुरूच असायचा. शाळा-शाळांतून अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारी मी. एकदा म्हणाले, "चाचा, बुटांचा आणि मशीनचा काय संबंध? लोकांना कळलं तर माझं भाषण कोण ऐकेल?" ते म्हणाले, "मग नको सांगू लोकास्नी. मी बी न्हाई सांगत." चाचींनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, खोकला आला असेल.

चाचा गेले त्यानंतर दोन आठवड्यांनी तहसील कचेरीत वाटेची सुनावणी होती. मी मोठी डिस्क घेऊन गेले. कुणीतरी दुरुस्तीला दिलेले टीव्ही बाहेरच्या खोलीत तसेच. पेनड्राइव्हवर सुनावणीचा अर्ज होता, तोही डब्यात ठेवावा म्हणून खोचला, बटण दाबलं. काळा पडदा, तीच ओळ. मी केबली काढून घातल्या, झाकण उघडून धूळ फुंकली, प्लग बदलला. शेवटी... सांगायला लाज वाटते, पण बाहेर जाऊन बूट काढून आले. तरी नाही. मग मोजेही काढले. चाची दारात उभ्या होत्या. त्या फोन उचलून म्हणाल्या, "संतोष, जरा ये रं."

तो आला. चपला बाहेर काढल्या, डब्याच्या मागे हात घातला आणि माझा पेनड्राइव्ह उपटला. त्यावर समितीचं नाव चिकटवलेलं होतं, ते त्यानं वाचलं. "डबा आदी ह्या पेनड्राइव्हात बघतोय ताई. ह्यात सुरू व्हायचं काय सापडलं न्हाई, की तितंच बसतोय. चाचांनीच तसं लावलेलं." बटण दाबलं. डबा सुरू झाला.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पत्रक आलं त्याच दिसापासनं. चाचाच घरी आलं व्हतं. म्हणलं, पोरीचं पत्रक चुकलंय, काम न्हाई चुकलं. आत्ता बोललास तर लोक तिचं काईच ऐकणार न्हाईत, वाट बी जाईल. सुनावणी हुईस्तवर दम धर." मग टीव्हीवरच्या तात्यांकडे बघत म्हणाला, "आमची म्हस बी त्याच वाटंनं जायची."

डिस्कवर कॉपी होत होती तेवढा वेळ आम्ही तिघं बसलो. रेकॉर्डिंगमध्ये चाचा दिसत नाहीत, कॅमेऱ्यामागून फक्त आवाज येतो, "तात्या, दमानं. कोण पळवत न्हाई वाट." सुनावणीत ते लावलं, ऐकून घेतलं गेलं. निकाल यायचा आहे.

मला कशाचा राग यावा तेच कळत नाही. मला सहा महिने खुळ्यात काढलं त्याचा? संतोषला गप्प बसवलं त्याचा? गावात लोक त्याला 'डबाचोर' म्हणत होते आणि तो ऐकून घेत होता... ती किंमत ठरवायचा चाचांना काय अधिकार? आणि पत्रक छापायचा मला? चाचींना विचारलं, की ते मला वाचवत होते का हसत होते. त्या म्हणाल्या, "दोन्ही. तुला काय येकच पायजे?" संतोषची माफी मागणारं पत्रक लिहायला चार वेळा बसले. हात आपोआप 'जाहीर निषेध' लिहितो. म्हणून इथंच लिहिते: ते पत्रक खोटं होतं, चूक माझी होती, आणि ती माझ्या गळ्यात लटकत होती.

परवा भऱ्याला गेले होते. पेनड्राइव्ह घरीच ठेवला होता. तरी ओट्यावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मोठं काम असतं ते, दोन-तीन मिनिटं जातात. तेवढ्या वेळात तो माणूस आत माझी चूक उपटायचा, डबा सुरू करायचा आणि मी उंबऱ्याच्या आत यायच्या आधी ती परत होती तिथं खोचून ठेवायचा. मी नाड्या सावकाश सोडल्या. आतून चाचींनी विचारलं, "झालं का गं?" मी म्हणाले, थांबा, अजून एक राहिलाय.