उशिराचं कारण

मनीषाताई टिपणीसांशी मी साडेसात वर्षं बोलत नव्हते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे कुठे शब्द तिखट पडला तर जुनी सवय म्हणून सोडून द्या. लंडनच्या पिनर भागात आमची घरं दोन रस्त्यांच्या अंतरावर, दोघी महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीवर, आणि तरी काही बोलायचं झालं की मध्ये अध्यक्ष अनुपराव. "अनुपराव, त्यांना सांगा हॉलची किल्ली माझ्याकडे आहे." "अनुपराव, त्यांना विचारा, मग दार बंद का आहे?" बिचाऱ्यांची मान इकडून तिकडे वळून दुखायला लागायची.

बाई मूळ नागपूरच्या. अठ्ठ्याहत्तर साली लग्न होऊन इथे आल्या, कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात टायपिस्ट म्हणून चिकटल्या आणि एकतीस वर्षांनी अख्खं सेक्शन चालवून रिटायर झाल्या. पण त्यांची खरी नोकरी घरच्या डायनिंग टेबलवर. आमच्या भागात कुणा मराठी माणसाला सरकारी फॉर्म भरायचा असला की तो टिपणीसबाईंकडे. व्हिसा असो, पासपोर्ट असो, पोरांची शाळा असो की म्हाताऱ्यांचं पेन्शन. पद्धत ठरलेली. आधी सगळं पेन्सिलने लिहायचं. मग बाई ते मोठ्याने वाचणार आणि चष्म्यावरून बघून विचारणार, "यातलं खोटं काय आहे, ते आत्ताच सांगा." मग काळं पेन. हल्ली सगळं ऑनलाइन आहे, तरी त्या आधी फॉर्म प्रिंट करून पेन्सिलने भरायला लावतात. मी एकदा म्हटलं होतं, "ताई, कॉम्प्युटरवरही खोडता येतं हो." तर म्हणाल्या, "खोडता येतं म्हणूनच लोक काहीबाही लिहितात." या सगळ्याच्या बदल्यात एक कप चहा, त्यात अडीच चमचे साखर. पावणेतीन नाही, सव्वादोन नाही.

आता भांडणाचं सांगते. दोन हजार सोळाच्या जूनमध्ये मंडळाची वार्षिक सभा होती. गणपतीच्या तारखा ठरल्या, आणि कुणीतरी चहा येता येता विचारलं, "मग येत्या गुरुवारी मत कुठे? युरोपात राहायचं की बाहेर पडायचं?" झालं. मनीषाताई उभ्याच राहिल्या.

"बाहेर," त्या म्हणाल्या. "माझा भाचा नकुल, नागपूरचा, इंजिनीअर पोरगा. दोनदा व्हिसा नाकारला त्याचा. आणि युरोपातला कुणीही सोमवारी ट्रेनमधून उतरतो, मंगळवारी नोकरीला लागतो. हा कुठला न्याय?"

"आणि ते गेले म्हणजे तुमच्या नकुलला पायघड्या घालणार आहेत का?" मी म्हटलं. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. "तुम्ही इथे आलात तेव्हा तुम्हालाही असंच म्हणायचे ना लोक? विसरलात?"

"मी रांगेत उभी राहिले, मंजिरी! तीन वर्षं कागद घेऊन रांगेत उभी राहिले. हे सगळे रांग मोडून आत आलेत. घुसखोर आहेत घुसखोर. स्पष्ट बोलते मी."

"ताई, लाज वाटायला हवी तुम्हाला!" हे मी चाळीस माणसांसमोर बोलले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या बाईला. मनीषाताईंनी हातातला चहा एका घोटात संपवला, तोंड वाकडं केलं, माझ्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं आणि कोट उचलून चालत्या झाल्या. पुढच्या रविवारी अनुपरावांनी भिंतीवर नोटीस लावली: सभागृहात युरोप हा विषय काढू नये. तोवर देशाने काय ते ठरवलंही होतं.

त्या दिवशी चहा वाढत होती सुलक्षा गावस. आमच्या मंडळाचं किचन म्हणजे सुलक्षा. गोव्याच्या पेडण्याची. एकटीच. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करायची आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे राबायची. खिडकीतल्या कुंड्यांत हळद लावून तिच्या पानांत पातोळ्या वाफवायची; गणपतीला त्या खायला लोक पार मेडनहेडहून यायचे. तिचे वडील गोव्यात पोर्तुगीज असताना जन्मले, त्यांच्या जन्माच्या कागदावर तिला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला, आणि त्या पासपोर्टवर ती दोन हजार आठ साली इथे आली. पोर्तुगालचं तोंडसुद्धा तिने कधी पाहिलेलं नाही. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं हो! आणि तरी आमच्या डोक्यात युरोपियन म्हणजे पोलिश सुतार, नाहीतर रुमेनियन ड्रायव्हर. नऊवारी नेसून आरतीला उभी राहणारी सुलक्षा युरोपियन असू शकते, हे कुणाच्या मनाला शिवलंच नाही. मी युरोपच्या बाजूने एवढी तावातावाने भांडले, पण किटली धरून उभ्या असलेल्या तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

मग युरोपातल्या लोकांना इथे राहायचं असेल तर दोन हजार एकवीसच्या जूनअखेरपर्यंत अर्ज करा, असं सरकारने सांगितलं. मनीषाताईंनी शेजारच्या पोलिश बाईचा अर्ज याच डायनिंग टेबलवर भरून दिला. मत एकीकडे, फॉर्म एकीकडे, हा त्यांचा खाक्या. सुलक्षाचा अर्ज मात्र कुणी भरला नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

तेवीसच्या दिवाळीला फराळ करायला सुलक्षा आली नाही. फोन उचलेना. मी तडक साउथ हॅरोला तिच्या खोलीवर गेले. बाईसाहेब बॅग भरत बसलेल्या.

केअर होम नव्या मालकाने घेतलं होतं. त्याने सगळ्यांचे कागद नव्याने मागितले. सुलक्षाकडे इथे राहण्याचा हक्क दाखवणारा कागदच नव्हता, तर तिला घरी बसवलं. मग ती कुठल्याशा एजंटाकडे गेली. 'अर्जाला उशीर का झाला?' या प्रश्नाखाली त्याने ठोकून दिलं, 'माहीत नव्हतं.' तो अर्ज परत आला होता. कारण पटत नाही म्हणून.

"पेडण्याला जाऊन राहणार कुठे तू?" मी विचारलं. "भावाने घर विकलं ना?"

"बघीन काहीतरी," ती म्हणाली.

"अगं, पण दोन वर्षांपूर्वीच टिपणीसबाईंकडे का नाही गेलीस? अख्ख्या गावाचे फॉर्म भरतात त्या!"

सुलक्षाने माझ्याकडे पाहिलं. "कशी जाऊ, ताई? त्यांनी मला घुसखोर म्हटलं."

"तुला कुठे म्हटलं?"

"मलाच. त्या हॉलमध्ये युरोपवाली दुसरी कोण होती? त्यांच्या बाजूलाच तर होते, किटली घेऊन. ड्रॉवरात त्या अर्जाची पत्रकं पडली होती माझ्या. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. बेल नाही मारवली. मग तारीख टळली, आणि मग तर लाजच वाटली."

मी गाडीची किल्ली उचलली.

तशीच गाडी वळवली आणि मनीषाताईंची बेल दाबली. दार उघडलं. अनुपराव मध्ये नव्हते, तेव्हा मीच सगळं सांगितलं, तिथेच पायरीवर उभी राहून. मला वाटलं, बाई म्हणतील, मी तिला उद्देशून बोललेच नव्हते. तसं त्या म्हणाल्या नाहीत. मग आत गेल्या, कोट घातला, पेन्सिलींचा डबा घेतला.

"मंजिरी, गाडी काढ," म्हणाल्या. साडेसात वर्षांनंतरचे पहिले शब्द हे.

सुलक्षाच्या पलंगावर बसून त्यांनी अर्ज नव्याने मांडला. पंधरा वर्षांच्या नोकरीचे कागद तिने जपून ठेवलेले, त्यामुळे ती इथेच राहत होती हे दाखवणं सोपं होतं. अडलं ते त्या एकाच प्रश्नावर.

"ताई, माहीत नव्हतं असंच लिहा पुन्हा," सुलक्षा म्हणाली. "जरा वेगळ्या शब्दांत."

"ते खोटं आहे. तुला माहीत होतं." मनीषाताईंनी पेन्सिलीला टोक काढलं. "कारण मी आहे. मीच लिहिणार ते, माझ्या नावाने, माझ्या सहीने."

"नको हो. तुमचं नाव खराब होईल."

"झालंय ते. कागदावर यायचं तेवढं बाकी आहे."

परतताना गाडीत माझी जीभ वळवळलीच. "मग हेही लिहा की, तुमचं मत चुकलं."

"मत चुकलं असं मला वाटत नाही. आपला दरवाजा आपण सांभाळावा, हे मी आजही म्हणेन."

"अहो, कमाल आहे! एवढं होऊनही?"

"मत माझं आहे, ते मी कुणाला घाबरून बदलणार नाही. बोलले ते वाईट बोलले. ते निस्तरणार. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, मंजिरी."

"तुमच्यापुढे डोकं आपटायचं बाकी ठेवलंय मी."

"आपट, पण गाडी थांबवून. सिग्नल हिरवा झालाय."

मला वाटलं होतं, कागद लिहिला, सही केली, संपलं. कसलं काय! पुढच्या रविवारी दिवाळीच्या कार्यक्रमात, फराळाच्या आधी, बाई सरळ भिंतीकडे गेल्या आणि अनुपरावांची ती पिवळी पडलेली नोटीस उपटून काढली. मग पर्समधून कागद काढला.

"काळं पेन फिरवण्याआधी मी नेहमी मोठ्याने वाचते," म्हणाल्या. "हा कागद मी इथेच वाचणार. जिथे बोलले तिथेच."

अनुपराव पुढे सरसावले. "मनीषाताई, सणाच्या दिवशी कशाला? हे सगळं चार भिंतींत..."

"मी चार भिंतींत बोलले नव्हते, अनुपराव. चाळीस जणांसमोर बोलले होते. बसा तुम्ही."

ते बसले. दोन-तीन जण चुळबुळले, एक गृहस्थ उठून बाहेर गेले. सुलक्षा किचनच्या खिडकीशी, पदराला हात पुसत. मनीषाताईंनी वाचायला सुरुवात केली. इंग्रजी कागद होता, पण त्या मराठीतच सांगत गेल्या.

"मी मनीषा टिपणीस, वय एकोणसत्तर. गेली चाळीस वर्षं मी माझ्या समाजाचे सरकारी अर्ज भरून देते. श्रीमती सुलक्षा गावस यांना अर्जासाठी माझ्याकडेच यायचं होतं. त्या आल्या नाहीत, कारण मी एका जाहीर सभेत त्यांच्यासारख्या माणसांना घुसखोर म्हटलं. तेव्हा त्या मला चहा देत होत्या. त्या युरोपियन आहेत हे माझ्या लक्षात नव्हतं, कारण मी त्यांना आपलं मानत होते. पण आपलं मानलं म्हणून शब्दाची धार कमी झाली नाही. त्या दोनदा माझ्या दारापर्यंत येऊन परत गेल्या. उशीर त्यांचा नाही. माझा आहे."

आवाज एकदाही कापला नाही. कागदावरून मान वर करून त्यांनी विचारलं, "यातलं खोटं काय आहे, ते आत्ताच सांगा."

त्यांनी पेन काढलं आणि तिथेच टेबलावर सही केली. माझे डोळे भरून आले होते, आणि बाई अजूनही चुकीच्या बाजूलाच मत देऊन बसल्यात याचा संतापही तेवढाच होता. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

अर्ज गेला. या खेपेला तो घेतला गेला, आणि त्याच्या पावतीवर जानेवारीत सुलक्षा पुन्हा कामावर रुजू झाली. तरी निकाल यायला मे उजाडला. मधल्या काळात मनीषाताईंनी दर सोमवारी सकाळी नऊ वाजता हेल्पलाइनला फोन लावला. चाळीस चाळीस मिनिटं ती टुणटुण ट्यून ऐकत बसायच्या, स्पीकरवर टाकून भाजी निवडत. "कंटाळतील तेच आधी," म्हणायच्या. शेवटी ईमेल आली. सुलक्षा आता इथे हक्काने राहू शकते. कायमची.

त्याच संध्याकाळी ती त्यांच्या घरी आली, मलाही बोलावलं होतं. डबाभर पातोळ्या आणल्या, आणि चहा मीच करणार म्हणून किचनमध्ये गेली. ताईंसमोर कप ठेवून ती उभीच राहिली.

"ताई, एक सांगायचं राहिलंय. त्या सभेत तुम्ही बोलत होतात ना, तेव्हा तुमच्या चहात मी साखर घातली नव्हती. मुद्दाम."

"कळलं होतं," मनीषाताई म्हणाल्या.

"मग तेव्हा बोलला नाहीत ते?"

"मला वाटलं, या मंजिरीनेच सांगितलं असेल तुला. तिचाच डाव. म्हणून हिच्याशी बोलणं टाकलं."

"साडेसात वर्षं?" मी ओरडलेच. "साखरेवरून?"

"तुझ्यावर रागावणं सोपं होतं गं." त्यांनी कपाचा कान धरला, पण उचलला नाही. "सुलक्षा माझ्यावर रागावली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तेव्हाच आलं असतं, तर ही तारीख टळली नसती."

त्यांनी घोट घेतला आणि कप सुलक्षापुढे सरकवला.

"आज अर्धा चमचा अजून घाल."

"नाही," सुलक्षा म्हणाली. "अडीच घातलेत."

आणि टिपणीसबाईंनी तो चहा निमूटपणे प्यायला.