झाडाला ठोकलेली श्रद्धांजली

नलिनीकाकू जिवंत असत्या, तर काल तिथे जमलेल्या एकेकाच्या कानाखाली आवाज काढला असता.

आज त्यांचा तेरावा. गोडाचं जेवण झालं, पाहुणे गेले, आणि मी अजून रागातच हे टाइप करतेय.

काकू खाडीजवळच्या जेसल पार्कला आमच्या समोरच्या दारात राहायच्या. टेलिफोन ऑफिसातून रिटायर झाल्या, परळ सोडून इकडे आल्या आणि साठीत कॅमेरा हातात घेतला.

फोटो कुणाचे? बगळ्यांचे. त्यातही ढोकरीचे.

"काकू, फ्लेमिंगो काढा ना, लाइक्स मिळतील," मी म्हणायचे.

"फ्लेमिंगोवाले ढिगाने आहेत गं. ढोकरीला कोण आहे?"

ढोकरी म्हणजे ती मातकट बगळी, डबक्याच्या काठी मान आखडून बसलेली. बाजूने गेलो तरी आपल्याला दिसत नाही. विणीच्या दिवसांत मात्र तिच्या पाठीवर असा तांबूस रंग चढतो की लग्नातला शालू फिका पडावा. काकूंच्या फोटोंमुळेच मला ते कळलं.

प्रत्येक फोटोखाली लोकेशन एकच. "खाडीकाठी कुठेतरी."

कुणी कमेंटमध्ये विचारायचं, "मॅडम, एक्झॅक्ट लोकेशन प्लीज?"

काकूंचं उत्तर, "पृथ्वी."

यात आखडूपणा नव्हता. ढोकरींची घरटी होती ते झाड एका घराच्या मागच्या अंगणात होतं. गावाचं नाव मी लिहिणार नाही. झाड कसलं, तेही नाही.

त्या घरच्या वहिनी पक्ष्यांना वैतागल्या होत्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर शिटतात, रिक्षाच्या टपावर शिटतात, वास येतो तो वेगळाच. फांद्या तोडायचं ठरलंच होतं. काकूंनी हातापाया पडून थांबवलं. "पिल्लं उडेपर्यंत राहू द्या. मी कुणाला सांगणार नाही, माझ्यामागून इथे गर्दी येणार नाही."

या शब्दावर ते झाड उभं होतं.

मलाही त्यांनी पहिल्या वर्षी नेलं नाही. नंतर नेलं ते ट्रायपॉड उचलायला. तिथला नियम असा, की वहिनींचा चहा पिऊन होईपर्यंत कॅमेरा बॅगेतून काढायचा नाही.

"आधी त्यांना आपल्याला बघू दे," काकू वर मान करून म्हणायच्या.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे ताटकळले. काकूंच्या मुलाने हात जोडून काय काय कबूल केलं. शेवटी मी पुढे झाले आणि हळूच म्हटलं, "काकू, झाडाचं मी बघते."

कावळा आला. तुम्ही माना अगर मानू नका. मी मानते.

आणि काल रविवारी आपल्या फोटोग्राफी ग्रुपच्या ॲडमिन सरांनी काय केलं?

स्लाइड शोसाठी म्हणून काकूंच्या मुलाकडून त्यांच्या मोबाईलमधले फोटो घेतले होते. बिचाऱ्याने विश्वासाने दिले. मोबाईलच्या फोटोत जागा नोंदलेली असते. सरांनी ती शोधली आणि ग्रुपवर पिन टाकली. "काकूंच्या लाडक्या झाडाखाली श्रद्धांजली. सकाळी सात. कॅमेरे आणा."

कॅमेरे आणा!

मेसेज बघून मी रिक्षाने धावले, तोवर गल्लीत गाड्याच गाड्या.

झाडाच्या बुंध्यावर फ्लेक्स. खिळे ठोकून. काकूंचा हसरा फोटो, आणि त्याच्या खाली सरांचा त्याहून मोठा.

वर घरट्यांत पिल्लं आणि खाली हातोडी! पक्षी उठणार नाहीत तर काय?

"वा, फ्लाइट शॉट!" कुणीतरी ओरडलं. मग जे उठले नव्हते त्यांना उठवायला टाळ्या.

मग दोन मिनिटं मौन. त्या मौनातही शटर वाजत होते.

आणि उघड्या घरट्यांवर कावळे उतरले. दहाव्याला ज्यांनी वाट बघायला लावली, ते काल न बोलावता आले. त्यांचा काय दोष? त्यांना ताट वाढून ठेवलं होतं. एक पिल्लू खाली पडून मेलं. त्याचाही क्लोजअप निघाला.

"सर, हे काय चाललंय?"

"अगं, काकूंसाठीच तर करतोय. इमोशनल होऊ नकोस."

श्रद्धांजलीला इमोशनल व्हायचं नाही, मग कधी व्हायचं, सर?

वहिनी मागच्या दारात उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुजी काकू बोलली व्हती, कोनाला सांगनार न्हाय. मरताना सगल्या दुनियेला सांगून गेली काय? मानूस बोलावते मी. फांद्या खाली."

पिल्लाचं दुःख झालंच. पण हे त्याहून जास्त लागलं. मेलेल्या बाईला खोटी पाडलीत तुम्ही. तिला उठून सांगताही येत नाही.

आज सकाळी तेराव्याची गडबड सुरू व्हायच्या आत मी पकड घेऊन गेले. फ्लेक्स उतरवला, खिळे काढले. मग वहिनींना सगळं सांगितलं. पिन काय, ती कुणी टाकली, कशी टाकली.

त्यांनी बुंध्यावरच्या खिळ्यांच्या भोकांवरून बोट फिरवलं.

"म्हंजे तिनं न्हाय सांगितला?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ दे. पिल्लं उडू दे. पन गेटला कुलूप लावनार हाय मी. तूपन याचा न्हाय."

"चालेल," मी म्हटलं.

काही घरटी रिकामी होती. एका घरट्यात ढोकरी परत येऊन बसली होती. मी फोटो काढला नाही.

सर, ती पिन आत्ताच्या आत्ता डिलीट करा. ज्यांनी काल काढलेले फोटो टाकलेत, त्यांनी ते काढा. आणि माफी मागायला म्हणून घोळक्याने पुन्हा तिथे जाऊ नका. तेवढी एक कृपा करा.

काकू, झाड अजून उभं आहे. तुम्ही शब्द मोडला नव्हता, हे वहिनींना सांगून आले.

तुम्हाला भावपूर्ण श्रद्धांजली.

खाडीकाठी कुठेतरी.