दुर्बिणीच्या आदल्या दिवशी

शहरातल्या सदर भागात एका हॉटेलात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर जनजागृतीचा कार्यक्रम होता. दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या. प्रमुख पाहुणे प्राचीन आहारपद्धतीवर भरपूर बोलले आणि ‘शौच’ हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. या विषयावर हे साधणं सोपं नाही. जे डॉक्टर खरोखर या रोगावर संशोधन करतात, त्यांच्या वाट्याला शेवटची काही मिनिटं आली, तीही मागे चहाचे कप वाजायला लागल्यावर. ते म्हणाले, हा रोग नेमका कशानं होतो ते पुरतं कळलेलं नाही. तरुणांतही तो का दिसू लागला, ते आम्ही शोधतोच आहोत. पण सुरुवातीला ती बहुधा साधी गाठ असते, आणि वेळेत दिसली तर काढता येते. सख्ख्या भावाबहिणीला झाला असेल तर त्रासाची वाट पाहू नका.

मी तिथे गेलो होतो तो दादामुळे. कुहीला धानाची शेती करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचं आतडं आदल्या वर्षी याच रोगापायी कापावं लागलं होतं. त्यानंतर मी स्वतःची दुर्बीण तपासणी करून घेतली. आतून मी स्वच्छ निघालो. चारित्र्याचा एवढा सबळ दाखला मला आजवर कुणी दिला नव्हता.

राहिली ताई. ती सावनेरला असते, माझ्याहून मोठी. तिला शौचातून रक्त जात होतं. हे तिनं माझ्या बायकोला सांगितलं, बायकोनं मला.

‘मूळव्याध आहे मले,’ ताई फोनवर म्हणाली. ‘तू काहून घाबरून राहिला?’

‘कोणी पाहिलं का?’

‘पाहाले का लागते? मूळव्याध मूळव्याधच असते.’

शेवटी ती आमच्याकडे आली, ते बहुधा माझी कटकट थांबावी म्हणून. तपासणीसाठी आतडं रिकामं लागतं. आदल्या दिवशी पाणी, नारळपाणी, गाळलेलं सरबत, बस. संध्याकाळी जुलाबाचं औषध. मी हे तिला दोनदा समजावलं आणि कामाला गेलो.

सकाळी हॉस्पिटलात तिला आत नेलं. मी बाहेर बसलो. समोरच्या टीव्हीवर त्याच हॉस्पिटलची जाहिरात चालू होती. तीत सगळे पेशंट हसत होते. माझ्या हिशेबानं डॉक्टर फार लवकर बाहेर आले. त्यांचा चेहरा पाहून मी उठून उभा राहिलो.

‘काल काय खाल्लं यांनी?’

‘काहीच नाही.’

‘आत शेंगदाण्याचे तुकडे आहेत. साबुदाणाही असावा. मला काही दिसलं नाही. पुन्हा करावं लागेल.’

गुंगी उतरल्यावर मी ताईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, ‘मंगळवार होता ना. उपाशी राहाचंच आहे तं म्हटलं, उपास तरी घडन. उलशीच, वाटीभर खिचडी केली.’

‘वं ताई, काही खायचं नव्हतं!’

‘खाल्लं कुठं गा? उपासाचंच तं होतं ते.’

 आमच्या घरी साबुदाणा अन्नात कधी मोजलाच नव्हता. पोटभर खिचडी खाऊन ‘आज काही खाल्लं नाही’ म्हणताना मी आमच्या आईला ऐकलंय, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

पुन्हा करायचं म्हटल्यावर ताईनं घरी येताच पिशवी भरायला घेतली. ‘देवानंच अडवलं. आता मी नाही येत. परक्या माणसापुढे असं झोपाचं, शरम वाटते मले.’ मी संशोधन सांगितलं, डॉक्टरांची वाक्यं सांगितली. ती साड्यांच्या घड्या घालत राहिली. तिच्या बसला तासभर होता. रक्त जातच होतं, आणि ते कशाचं हे शहरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मी दादाला फोन लावून तिच्या हातात दिला.

दादा कमी बोलतो. त्याचा आवाज मला खोलीत ऐकू येत होता.

‘मीबी मूळव्याधच म्हणत होतो वं.’

ताईच्या हातातली घडी तशीच राहिली. ती म्हणाली, ‘किती दिवस म्हणत होता?’

‘दोन पिकं निघाली तेवढ्यात.’

तिनं फोन परत दिला. पिशवी उचलून खाटेखाली सरकवली.

दुसऱ्या खेपेला आदल्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो. ‘पहारा देऊन राहिला का चोरावर?’ ती म्हणाली, पण औषध नाक दाबून शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. सकाळी आत गेली ती बराच वेळ आली नाही. या खेपेला उशीर होतोय याची भीती वाटत होती.

‘मूळव्याध आहे,’ डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. मी श्वास सोडणार तेवढ्यात पुढे म्हणाले, ‘पण वर, डावीकडे, एक गाठही होती. मोठी होती. काढली. तपासायला पाठवतो.’

म्हणजे ताईचं म्हणणं खरं होतं. तेच अवघड होतं; त्या खरेपणाआड गाठ लपली होती.

रिपोर्ट येईपर्यंत ती आमच्याकडेच राहिली. भाज्या निवडल्या, माझ्या पुस्तकांवरची धूळ पुसली. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

‘गाठीच्या टोकाला कॅन्सर सुरू झाला होता. बुडाशी काही नाही. पूर्ण निघालीय. सध्या ऑपरेशनची गरज नाही, पण तपासणीला येत राहावं लागेल.’

ताईनं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, ती देवाचं नाव घेईल. तिनं विचारलं, ‘माह्या पोरीले कधी आणू?’

‘वय काय त्यांचं?’

‘अडतीस.’

‘मग फार थांबू नका.’

बाहेरच्या बाकावर बसून तिनं पोरीला फोन लावला. जेवली का, विचारलं. नातवाचा खोकला विचारला. मग नुसती फोन कानाला लावून बसली. पलीकडून ‘आई, आई’ ऐकू येत होतं. मी हात पुढे केला.

‘थांब गा,’ ती म्हणाली. ‘सांगू दे मले.’