काकूंसाठी गाळून वाचलेलं

आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पर्चे जास्त होते. बाबा कारखान्याच्या युनियनचे पर्चे लिहायचे आणि समज आल्यापासून मी त्यातला मजकूर छाटायची. कमानिया गेटच्या बाजारातल्या गर्दीत माणूस पर्चा घेतो आणि चार पावलांवर फेकतो, तेवढ्यात त्याला सांगून झालं पाहिजे, असं बाबा म्हणत. त्यामुळे एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही, आणि जे आपल्याला पटत नाही ते लोकांच्या हाती द्यायचं नाही. हे दोन्ही नियम मला अजूनही बरोबर वाटतात, म्हणून तर पुढे जे झालं त्याचा उलगडा होत नाही.

कांचघर मोहल्ल्यात आमच्या मागच्या गल्लीत काकू एकट्या राहतात. शाळेत इतिहास शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. डोळ्यांच्या आजाराने त्यांना कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माझ्याशी बोलताना त्या खिडकीकडे बघतात. शहरातल्या सदर भागात दर रविवारी सकाळी आठ-दहा जणांची एक बैठक भरते, ती त्यांनीच सुरू केली. कधी बुद्धाची सुत्तं म्हणजे उपदेश, कधी एखाद्या सूफीची वचनं, कधी ख्रिस्ती जोगिणीची आत्मनिवेदनं. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाचणाऱ्याने आपल्या पदरचं काही बोलायचं नाही.

"आता पान दिसत नाही, तर मी पाठ करून म्हणीन," काकू मला म्हणाल्या. "जन्मभर पोरांकडून पाठ करून घेतलं, आता माझी पाळी. तू फक्त वाचून दाखव."

बाबा म्हणाले, "बुद्ध असेल तर जा. तो तर्काचा माणूस."

मी रोज दुपारी चार वाजता जाऊ लागले. पुस्तक हिंदी भाषांतराचं होतं. पहिलंच सुत्त डोळ्यांविषयी होतं, म्हणजे डोळ्यांनी जे दिसतं त्याच्या मागे मन कसं धावतं त्याविषयी. चांगलं होतं. मग तोच सगळा परिच्छेद कानांविषयी. मग नाकाविषयी, जिभेविषयी, शब्दही न बदलता. माझा हात शिवशिवू लागला. पुढे देव ऐकायला खाली उतरले, जमीन हादरली, कुणाला मागचे जन्म आठवले. हा तर्काचा माणूस?

काकू चहा स्वतः करायच्या, चाचपडत, कुणाला मदत करू द्यायच्या नाहीत. तेवढ्या वेळात मी पुढची पानं डोळ्यांखालून घालायची आणि पेन्सिलीने कंस करायची. कंसातलं वाचायचं नाही. मला वाटायचं, मी त्यांना धुऊन स्वच्छ केलेला बुद्ध देते आहे. त्या माझ्यामागून म्हणायच्या, तीन-तीनदा. चेहरा असा, की जणू घरात सामान लावून ठेवतायत.

मधेच त्यांनी सूफीचं पुस्तक काढलं. ते कसं छाटायचं तेच मला कळेना. त्यात मुद्दाच नव्हता. जे पटत नाही ते काढलं असतं तर फक्त पुठ्ठा उरला असता. म्हणून मी सगळं वाचलं.

"काहून गं, मोर्चा काढून राहिली का?" काकू हसल्या. "तो बिचारा त्याच्या यारला बोलावून राहिला. दाराशी उभं राहून कोणी घोषणा देते का? हळू बोलाव."

मी हळू वाचलं आणि दुसऱ्याच ओळीला अडखळले. कुणाला बोलावत होते मी? घरी जाताना मला स्वतःचा राग आला. बाबांना काही सांगितलं नाही.

मग काकूंची पाळी असलेला रविवार आला. मी त्यांना ऑटोने सदरला घेऊन गेले. त्या ताठ बसल्या आणि पुस्तकाशिवाय सुत्त म्हणू लागल्या. समोर एक निवृत्त फौजी मांडीवर तेच पुस्तक उघडून ओळींवरून बोट फिरवत होते.

"दीदी, बीच का छूट गया," ते म्हणाले.

काकू थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा म्हणाल्या. पुन्हा तेच.

"ये देवताओं वाला भी छूटा."

कुणीतरी मायेने म्हणालं, "उमर है, हो जाता है. अब से आप बस सुनिए, हम पढ़ दिया करेंगे."

"हां, भूल गई होऊंगी," काकू म्हणाल्या आणि हात जोडून बाजूला सरकल्या. युनियनच्या मोर्चात कचेरीसमोर घसा फुटेपर्यंत ओरडलेली मी तिथे गप्प बसून राहिले.

परत येताना ऑटोत त्या पुटपुटत होत्या, कान, नाक, जीभ. "कुठे गेलं गं? विसरले असते तर कधी ऐकलं होतं एवढं तरी आठवलं असतं. ऐकल्याचंच आठवत नाही. डोळे गेले ते गेले. आता डोकंही चाललं का माझं?"

मी सांगितलं. कंस, पेन्सिल, सगळं.

काकू बाहेर बघू लागल्या, म्हणजे माझ्याकडेच.

"काहून?"

"ते खरं नव्हतं, काकू. जमीन कशी हादरेल?"

"मी कधी म्हटलं, हादरते म्हणून? मला लहानपणापासून यातलं काही खरं वाटत नाही." मग एकदम, "म्हणजे डोकं शाबूत आहे!" आणि हसल्या. पण लगेच आवाज चढला. "तुझ्या भरवशावर डोळे मिटून बसली होती मी. मला विचारायचं तरी! भैया, ऑटो घुमाइए, वापस सदर."

लोक अजून चहाच घेत होते. काकूंनी सांगितलं, पुन्हा म्हणणार, आणि जिथे थांबेन तिथे ही पोरगी वाचेल. वाचायच्या आधी मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं, की चूक यांची नाही, माझी. फौजींनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

काकू म्हणू लागल्या. मी गाळलेली जागा आली की त्या थांबत, आणि मी वाचायची. कान. नाक. जीभ. चौथ्या वेळी मला तो परिच्छेद कंटाळवाणा वाटेना, आणि का वाटेना ते सांगता येईना. मग देव उतरले. तेही मी वाचलं, हळू. जमीन हादरली, तेव्हा कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी डोळे मिटून हात जोडले. माझ्याकडे तोंड करून. मला त्यांना सांगायचं होतं, आजी, मी हे मानत नाही. पण त्या खोलीत तसं म्हटलं असतं तर ते खरं ठरलं असतं का, याचीही मला खात्री नव्हती.

"वाच ना," काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या. "माझं पुढचं अडून राहिलं."

मी वाचलं.