बांडगुळावरचं हळदीकुंकू

परवा माळ्यानं आंब्यावरचं बांडगूळ तोडून अंगणात टाकलं. त्याच्या जाड पानाला अळ्यांचा पुंजका चिकटलेला दिसला आणि माझं डोकंच फिरलं.

साठच्या दशकातली संक्रांत आठवली. भाजे गावातल्या आमच्या घरी ओसरीवर हळदीकुंकू चाललं होतं. पहाटेपासून तिळगूळ वळलेली माझी विधवा आत्या मात्र परसात भांडी घासत होती. तिथंच आंब्यावर चढून वडील कोयत्यानं बांडगूळ तोडत होते. आत्याकडे बघत ते मोठ्यानं म्हणाले, “दुसऱ्याच्या जिवावर जगायचं, न् वर हिरवंगार ऱ्हायाचं!” ओसरीवरच्या बायका हसल्या. हसण्यासारखं काय होतं त्यात?

बांडगुळाच्या शेवटच्या झुबक्याभोवती पिवळ्या पंखांवर लाल ठिपके असलेलं फुलपाखरू घिरट्या घालत होतं. आम्ही त्याला हळदीकुंकूच म्हणायचो.

आत्या राखेचे हात तसेच धरून उठली. “दादा, तेवढं ऱ्हाऊ दे. हळदीकुंकवाच्या अळ्या त्याच्यावरच वाढत्यात. आंब्याचं पान त्यास्नी चालत न्हाई.”

वडिलांनी तेही तोडलं.

त्या घरातली भाकर मरेपर्यंत आत्यानंच थापली. ती खाऊन ढेकर देणाऱ्या एकालाही कुणी कधी बांडगूळ म्हटलं नाही.