बहिणीचे पुस्तक

पुस्तक तो नेहमी पालथे ठेवीत असे. वाडीतल्या माझ्या घराच्या वरच्या खोलीत तो भाड्याने राही. पत्रे तापले की तो खाली ओसरीवर अभ्यासाला येई आणि आल्याआल्या हातातले पुस्तक चटईवर उपडे टाकी. आयुष्यभर संस्कृत शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसाला ते पाहवत नसे.

"अरे, ग्रंथ असा उपडा ठेवू नये," मी म्हणे.

"राहू द्या न गुरुजी, त्याले तशीच झोप लागते," तो म्हणे.

काय शिकतोस, असे कोणी विचारले की त्याचे उत्तर ठरलेले होते: "मेडिकलले आहो." हे उत्तर खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते. तो नर्सिंग शिकत होता. काटोलकडच्या गावात त्याच्या वडिलांनी मात्र पोरगा डॉक्टर होऊन राहिला आहे असे सर्वांना सांगून ठेवले होते. त्यांचा तो समज दूर करण्याचे धैर्य त्याला होत नव्हते. अधूनमधून तो म्हणे, "गुरुजी, सोडून देतो हे. बाबाले तोंड दाखवता येनार नाही."

अशा वेळी मी त्याची समजूत घाली. आपल्या शास्त्रकारांनी चिकित्सेचे चार पाय मानले आहेत: वैद्य, औषध, रोगी आणि परिचारक. एक पाय निखळला तरी चिकित्सा उभी राहत नाही. "तू परिचारक आहेस," मी सांगे. तो शब्द तो मनाशी दोनदा घोळवी आणि त्याचा चेहरा जरा उजळे. आपण एका तरुणाला आधार दिला, असे मला वाटे.

दुसऱ्या वर्षी त्याला औषधांचे एक संदर्भपुस्तक घ्यायचे होते. कोणते औषध कशावर, किती द्यावे, त्याचा अपाय काय, हे सांगणारे. "तुमाले पुस्तकाची पारख आहे, चला न संगं," म्हणून तो मला सीताबर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानात घेऊन गेला.

दुकानदाराने दोन पुस्तके पुढ्यात ठेवली. एक आटोपशीर होते, खिशात मावणारे. प्रत्येक औषधाखाली ते देण्यापूर्वी काय पाहावे आणि दिल्यानंतर काय पाहावे, हे वेगळे काढून दिलेले. सूत्र आणि त्याखाली भाष्य, अशी ती मांडणी मला फार आवडली. मुखपृष्ठावर पांढरी टोपी घातलेली हसरी मुलगी होती आणि हे पुस्तक नर्सेससाठी आहे, असे मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापले होते. दुसरे डॉक्टरांचे, जाडजूड, गडद निळे, चित्राविना.

"हे लहान तुझ्या कामाचे दिसते," मी म्हणालो.

तो त्याची पाने चाळत होता. "आहे कामाचं. पन कव्हर पाहा न गुरुजी."

एवढ्यात दुकानदाराने चष्मा वर करून विचारले, "सिस्टर कोणत्या वर्षाले आहे?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "दुसऱ्या," तो म्हणाला. "बहिणीसाठी पाहून राहिलो."

त्याला बहीण नव्हती. "तिचं मंग घेऊ," असे पुटपुटत त्याने डॉक्टरांचे पुस्तक विकत घेतले. परतताना बसमध्ये ते त्याच्या मांडीवर सरळ ठेवलेले मी प्रथमच पाहिले, आणि खोटे कशाला बोलू, मलाही ते त्याच्या मांडीवर शोभून दिसले.

काही आठवडे गेले. एका सायंकाळी तो आला, पण चटई न अंथरता पायरीवरच बसून राहिला. वॉर्डात एका वृद्धाला हृदयाची गोळी द्यायची होती. ती किती द्यावी, हृदयावर कसे काम करते, हे निळ्या पुस्तकातून त्याने पाठ केले होते. गोळी घेऊन तो खाटेपाशी गेला, तेवढ्यात मुख्य सिस्टरने त्याच्या हातातल्या वाटीवर आपला तळवा ठेवला.

"नाडी पायली?"

त्याने पाहिली नव्हती. ती मोजली तेव्हा फार मंद निघाली. गोळी पोटात जाती तर आणखी मंदावली असती. सिस्टरने गोळी परत ठेवायला लावली, डॉक्टरांना बोलावणे पाठविले आणि सर्वांदेखत त्याला विचारले, "कोनाचं पुस्तक वाचून राहिला गा तू? डॉक्टर लिहून जाते. देतो आपन."

हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"त्या लहान पुस्तकात पहिल्याच ओळीत होतं गुरुजी. देण्याच्या पहिले नाडी मोजा. म्या दुकानात वाचलं होतं." मग म्हणाला, "तो बुढा मले डॉक्टरसायेब म्हने. म्या म्हनू देलं."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच सीताबर्डीवर जाऊन ते लहान पुस्तक घेऊन आला. "दुकानदार म्हने, बहीण नाही आली का? म्या म्हनलं, मीच थे बहीण."

"मग?"

"हासला. म्हने, माहा साळा बी हेच काम करते. पहिलेच सांगाचं न गा."

त्यानंतर शिक्षण सोडण्याची गोष्ट त्याने काढली नाही.

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपल्यावर वडील सामान न्यायला आले. खांद्यावर दुपट्टा, बोलण्यात भिडस्तपणा. ओसरीवर चहा झाला. मुलगा उभाच होता. उभ्याउभ्याच तो म्हणाला, "बाबा, मी डॉक्टर नाही झालो. नर्स झालो."

वडिलांनी कप खाली ठेवला. मुलाला काही न विचारता ते माझ्याकडे वळले. "गुरुजी, आता गावात काय सांगू? बाईचं काम म्हंतीन लोक."

"परिचारक म्हणा," मी तत्काळ म्हणालो.

"प्रचारक."

"परिचारक."

"प्रचारकच न?" त्यांचा चेहरा आणखी उतरला. आमच्याकडे प्रचारक म्हणजे घरसंसार न मांडता संघटनेच्या कामाला वाहून घेतलेला माणूस. "मंग लग्न नाही करत का हा?"

मुलगा हसू लागला, मीही हसलो. मग तो वडिलांजवळ बसला आणि मला म्हणाला, "मोठा शब्द नका देऊ त्याईले गुरुजी. नर्सच सांगा." आणि हसतच पुढे म्हणाला, "तुमी बी म्हना न एकदा. कधी म्हनलंच नाही तुमी."

त्याचे म्हणणे खरे होते. देवळात, नातलगांत त्याची ओळख करून देताना मी वैद्यकीय शिक्षण म्हटले, परिचर्याशास्त्र म्हटले. ज्या शब्दांना मी सन्मान समजत होतो, ते मी त्याच्यावर घातलेले पांघरूण होते. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी म्हणालो, "बस चुकेल तुमची." त्याने वाकून नमस्कार केला, ट्रंक उचलली आणि बापलेक निघून गेले.

आता तो पुण्यात एका रुग्णालयात आहे. वरच्या खोलीत गोदामातला एक तरुण कारकून राहायला आला. भिंतीवरचा मानवी हृदयाचा तक्ता पाहून त्याने विचारले, "आधी कोन राहे गुरुजी इथं?"

"एक नर्स राहत होता," मी म्हणालो.

"होती," त्याने माझी चूक दुरुस्त केली.

"होता," मी म्हणालो.